जोडताऱ्याचं वजन

लोहारा, ता. ९ मे १९४८

ती. भीमाशंकर अण्णांस जगदेवीचा शि. सा. न. वि. वि.

शेजारचं गाव परवा जाळलं. कुणी, ते लिहीत न्हाय; टपाल फोडतात म्हणे. अर्धं लोहारा निजामाची हद्द ओलांडून सोलापूरला गेलं. आमच्या ह्यांनी गाडी तयार ठेवलीय, पण आपले आप्पा हलंनात. भीमा आल्याबिगर उंबरा ओलांडणार न्हाय म्हणतात. डोळे गेले, हट्ट शाबूत हाय. मला लई भ्या वाटतंय. तुमचे तारे कुठं पळून जात न्हाईत, आधी घरी या. लोभ आहे तसाच ठेवा.

तुमची जगदेवी

वेधशाळा, हैद्राबाद, ता. १७ मे

चि. सौ. जगदेवीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पण तारे पळतात गं. मी ज्या जोडताऱ्याचा कोन नि अंतर मोजतोय, त्यातले दोघं एकमेकांभोवती फिरतात, नि सध्या अगदी जवळ आलेत. त्यांच्या वाटेचा एवढा तुकडा हुकला तर कक्षा नीट बसत नाही, नि कक्षेवाचून वजन निघत नाही. तू नि नीलम्मा फुगडी खेळायच्या, तेव्हा तू जाडी म्हणून जागच्या जागी, ती बिचारी लांबून गरगर. तसंच, कोण किती मोठा फेरा घेतो त्यावरून कोण किती जड ते कळतं. ते पुन्हा असे जवळ येतील तेव्हा मी नसेन. पावसाळ्यानं आभाळ झाकायच्या आत संपवून निघतो. तुम्ही थांबू नका. आप्पांना समजाव.

तुझा अण्णा

सोलापूर, छावणी, ता. २ जून

ती. अण्णांस शि. सा. न.

ओळखीच्या शिवशरणच्या हाती पाठवते, म्हणून उघड लिहिते. रझाकार आमच्या गावाच्या वाटेला लागल्याचं कळलं, त्याच दुपारी तुमचं पत्र आलं. आप्पा म्हणाले, वाच. म्या वाचलं, पण तुमचं न्हाय. भीमा सोलापूरला पोचलाय, आपली वाट बघतोय, असं वाचलं. आप्पा काठी न घेताच उठले.

इथं आल्यापासून ते रस्त्याच्या कडेला बसतात नि येणाऱ्याजाणाऱ्याचे हात चाचपतात. भीमा रागावला का, म्हणून मलाच विचारतात. अन्न सोडलं होतं. काल एका परक्याचा हात धरून म्हणाले, आलास व्हय बाळा. त्या बिचाऱ्यानं हात सोडवला न्हाय. आप्पा पोटभर जेवले. त्याला शेजारीच निजवलं.

खरं काय ते मी कुणाला सांगितलं न्हाय. अण्णा, माझा जीव थाऱ्यावर न्हाय. तो माणूस दोन दिवसांत बार्शीला जाणार हाय. मग आप्पांना काय सांगू? वाडीवरनं येणारी आगगाडी धरा नि या.

जगदेवी