वाळूने घासलेली ताडपत्री

प्रिय श्रेयस,

तुझ्या कंपनीतली मुलगी परवा रेवदंड्याला आमच्या शेडवर येऊन गेली. मी तुमच्यासाठी बॅगा शिवाव्यात असा तुझा निरोप होता. शिवाय नऊवारी नेसून, मशीनवर वाकून एक फोटो द्यायचा. तो म्हणे लेबलवर छापणार. मी जन्मात नऊवारी नेसलेली नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? नमुनाही ठेवून गेली. कोरी करकरीत ताडपत्री वाळूने घासून जुनी केलेली, आणि जिथे भोकच नाही तिथे ठिगळ! मी पोट धरून हसले. कापडाला म्हातारं करायला पगारी माणसं ठेवलीस का रे?

आपण सुरुवात केली तेव्हा वादळाने तुमच्या दिवेआगरच्या वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या होत्या आणि माझ्या बाबांचे ट्रक दारात उभे होते. त्यांच्या फाटक्या ताडपत्र्यांच्या आपण ट्रेकिंगच्या बॅगा शिवल्या, भंगारातल्या गाड्यांचे सीटबेल्ट काढून पट्टे लावले. बाबा प्रत्येक बॅगेत दगड भरून ती आढ्याला टांगून ठेवायचे आणि टिकली तरच म्हणायचे, "आता ही बॅग हाय." गिऱ्हाइकाने ते दगड बघितले की तुला लाज वाटायची. मग तू ब्रँड काढायला मुंबईला गेलास. मला वाटलं होतं, मलाही नेशील. फार वाट बघितली मी तुझी, आणि त्याचा मला अजून राग येतो.

पण एवढं ऐकवायला पत्र लिहिलं नसतं. त्या मुलीला नाही म्हणून मी मोकळी झाले होते. काल तुझे तात्या आले, तुझी बॅग छातीशी धरून. अलिबागच्या डॉक्टरांकडे निघाले होते. आगरदांड्याला बोटीतून उतरताना पट्टा तुटला, कपडे आणि औषधं खाडीत गेली. माणसं जमली, बॅग कुठली म्हणून विचारायला लागली. वाडीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तुझी बॅग कौतुकाने दाखवणाऱ्या तात्यांनी लेबल तळहाताने झाकलं आणि सांगितलं, रस्त्यावरची आहे, स्वस्तातली. मला म्हणाले, "मृणाली, जरा पक्की करून दे गो. आणि श्रेयसला कळवू नकोस, त्याला वाईट वाटेल." मी सीटबेल्टचा पट्टा लावून दिला, आणि तुला मुद्दाम कळवते आहे. वाटू दे वाईट.

एकेकाळी तुझीच असलेली,
मृणाली