पेशंटशी नातं

अड्यार, चेन्नई
१४ जानेवारी २०२५, पोंगल

चि. वादिराजास,

अक्काचे आशीर्वाद. नको असतील तर पाकिटात परत घाल, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

इकडे सगळं ठीक. आमच्या ह्यांचा गुडघा आहे तसाच आहे. सकाळी दूध उतू गेलं, गोड पोंगल झाला, रीतीत काही कमी पडलं नाही. तुझ्याकडे माझ्या भावजयीने, लावण्यानेही केला असेल. तुला सध्या गोड चालतं की नाही ते मला ठाऊक नाही, आणि मी विचारतही नाही.

नऊ वर्षांनी लिहिते आहे आणि तेही कामासाठी, म्हणून नाक मुरडू नकोस. मराठीत लिहिते आहे, कारण आईचा नियम होता की भांडायचं तर तमिळमध्ये भांडा, पत्र मात्र घरच्या भाषेत लिहा. आपल्या दोघांशिवाय ही भाषा वाचणारं घरात कोणी उरलं नाही. त्यामुळे यातलं काही बाहेर जायची भीती नाही.

काम असं की मला नोटीस आली आहे. मला! मैलापूरच्या वकिलांकडे एकतीस वर्षं नोटिसा टाइप केल्या मी. या दहा बोटांनी किती लोकांना धडकी भरवली असेल, देव जाणे. आणि आता चौसष्टाव्या वर्षी, पार्किंगचा ठेका घेतलेली कोण कुठली कंपनी मला 'नियमभंग करणारी व्यक्ती' म्हणते. वाचून अंगाचा नुसता तिळपापड झाला.

झालं असं. तीन डिसेंबरला मी अण्णा नगरला एका कामासाठी गेले होते. तिथल्या एका मोठ्या इमारतीच्या तळघरात गाडी लावली. आपली तीच जुनी लाल गाडी, हिच्यावरच तू चालवायला शिकलास आणि शिकताना फाटकाला धडकवलीस. काम जरा लांबलं. संध्याकाळी पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं, हात धुवायला गेले, आणि परत येऊन पाहते तर पुढच्या चाकाला पिवळी बेडी! काचेवर हा एवढा कागद डिंकाने चिकटवलेला. खोबरेल लावून खरवडला तरी अजून अर्धा तिथेच आहे. कागदावर काय, तर एका तासाची परवानगी असताना वाहन नऊ तास उभं होतं, म्हणून दंड. बेडी काढायला सही मागितली, 'सर्व नियम मान्य' म्हणून. मी सही केली आणि खाली लिहिलं, 'हक्क राखून'. तो माणूस म्हणाला, "अम्मा, हे काय?" म्हटलं, तुझ्या साहेबाला विचार.

मला सांग, दंड कोण करतं? सरकार करतं, पोलीस करतात. खासगी कंपनीने फार तर जास्तीचं भाडं मागावं. चाकाला बेडी घालायला गाडी काय गुन्हेगार आहे? आणि नियमांचा बोर्ड कुठे लावलाय, तर खांबाच्या मागे, छताला टेकलेला. तो वाचायचा तर शिडी लागेल.

हे म्हणाले, "भरून टाक आणि मोकळी हो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." म्हटलं, त्याच पायरीवर एकतीस वर्षं बसून आपण घर चालवलंय. चार पानांचं अपील टाइप केलं, मुद्दे घालून, बोर्डाचा आणि खांबाचा फोटो जोडून. सकाळी दहा वाजता पाठवलं. दहा वाजून अकरा मिनिटांनी उत्तर हजर: आपल्या अपिलाचा काळजीपूर्वक विचार करून ते फेटाळण्यात आले आहे. अकरा मिनिटांत! मला ती चार पानं लिहायला दोन दिवस लागले होते, वादू.

मग मी स्वतःच गेले. तळघरात लिफ्टशेजारी त्यांची काचेची खोली आहे, त्यात श्रीवत्स नावाचा मॅनेजर बसतो. माणूस नम्र आहे, त्यामुळे जास्तच राग येतो. तो म्हणाला, "अम्मा, इथे तीन टोकनं असतात. डॉक्टरांचं, पेशंटच्या नातेवाइकांचं, आणि खालच्या औषधांच्या दुकानात येणाऱ्यांचं. तुमचं टोकन दुकानाचं आहे. त्याला एकच तास."

आता तुला कळलंच असेल ती इमारत कसली आहे. हो. तेच हॉस्पिटल.

श्रीवत्स पुढे म्हणाला, "ऑपरेशनच्या दिवशी नातेवाइकांची गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत राहिली तरी आम्ही काही म्हणत नाही. तुम्ही गेटवर पेशंटचं नाव का नाही सांगितलं?"

मी म्हटलं, तुमच्या माणसाने चुकीचं टोकन दिलं. त्याने गेटवरच्या वॉचमनला बोलावलं. म्हातारा माणूस, पांढऱ्या मिशा, माझ्याच वयाचा असेल. तो म्हणाला, "मी अम्मांना दोनदा विचारलं. मला आठवतंय, त्या रडत होत्या." मी सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हटलं. अशा माणसांना कामावर ठेवता कसे, असंही म्हटलं. तो शिट्टी गळ्यात नीट करून परत गेटवर गेला.

हात दुखायला लागला. उरलेलं उद्या लिहीन.

१५ जानेवारी, कणू

आंघोळीच्या आधी गच्चीवर जाऊन आले. हळदीच्या पानावर भाताचे मुटके मांडले, पिवळे, लाल, दहीभाताचे पांढरे. कावळे आले, चिमण्या आल्या. भावाचं बरं व्हावं म्हणून बहिणीने आजच्या दिवशी मांडायचे असतात, ते मी मांडले. तू कणूची ओवाळणी पाठवायची बंद केलीस, त्यालाही नऊ वर्षं झाली. मी मांडायचं एकही वर्ष चुकवलं नाही. हे तुला ऐकवायला सांगत नाही. बरं, ऐकवायलाच सांगते आहे.

गच्चीवर उभी असताना सारखा त्या वॉचमनचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. म्हणून आता सरळ लिहिते.

तो खोटं बोलत नव्हता. खोटं मी बोलत होते. लावण्याचा आदल्या संध्याकाळी फोन आला. तिच्यावर मुळीच रागावू नकोस, ती बिचारी बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोलत होती. तुझी बायपास आहे, सकाळी आठला आत नेणार, एवढं सांगितलं. आणि तू काय म्हणालास तेही सांगितलं: "अक्काला कळवायचं नाही." मग मी यायचं कसं? न बोलावता जायची आपल्या घरात रीत नाही. आणि न जाता घरी बसायचं, तर तेही जमेना. साडेसातला गेटवर होते. म्हाताऱ्याने विचारलं, "पेशंट यार्?" पेशंट कोण? मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. त्याने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "यारुम् इल्लै."

कोणी नाही. असं म्हणाले मी, वादू. तुला आत टेबलावर घेत होते आणि मी गेटवर सांगितलं, माझं इथे कोणी नाही. त्याने दुकानाचं टोकन हातात दिलं. मी ते घेतलं.

नऊ तास त्या तळघरात गाडीत बसले. तीन वेळा लिफ्टपर्यंत गेले. तू चौथ्या मजल्यावर. लिफ्टचं दार उघडायचं, माणसं आत शिरायची, दार बंद व्हायचं, आणि मी आपली बाहेरच. साडेचारला लावण्याचा मेसेज आला, बाहेर आणलंय, सगळं नीट झालं. तेव्हा डबा उघडला. सकाळचा दहीभात आंबला होता. तो सगळा खाल्ला, डबा आणि हात धुवायला गेले, आणि तेवढ्यात त्या मेल्यांनी बेडी ठोकली! नऊ तास गाडीत माणूस बसलेलं कोणाला दिसलं नाही. उठले तेवढंच दिसलं.

हा राग खरा आहे, हं. बोर्ड खांबामागेच आहे. अकरा मिनिटांत चार पानं कोणी वाचत नाही. त्यांना मी सोडणार नाही. पण चुकीचं टोकन मी मागून घेतलं, हेही खरं आहे.

आणि तू "अक्काला कळवायचं नाही" का म्हणालास, ते मला ठाऊक आहे. तू माझीच परतफेड केलीस. आई गेली तेव्हा मी तुला कळवलं नव्हतं. तू श्रीपेरुंबुदूरहून आलास तोवर तिला अंगणात आणलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की आईच म्हणाली, त्याची ड्युटी आहे, त्याला त्रास देऊ नका. तू माझ्याकडे नुसतं पाहिलंस आणि म्हणालास, "आजपासून तू माझी कोणी नाहीस." मला ते फार लागलं. नऊ वर्षं मी तेच एक वाक्य घेऊन बसले, जणू अन्याय माझ्यावरच झाला होता.

आई तसं म्हणाली नव्हती. तिने तुझ्याबद्दल दोनदा विचारलं. दुपारी एकदा, "वादू आला का?" आणि दिवेलागणीला पुन्हा. फोन माझ्या हातात होता. चार वर्षं तिचं सगळं मी केलं होतं. तू रविवारी यायचास, केळी आणायचास, आणि तुला पाहून तिचा चेहरा असा फुलायचा की मला माझ्याच घरात परकं वाटायचं. मला वाटलं, एकदा तरी तिला कळू दे, जवळ कोण असतं ते. म्हणून मी फोन केला नाही. ती इतक्या लवकर जाईल असं मला वाटलं नव्हतं, पण हे कारण मी पुढे करत नाही. मी वाईट वागले. आईशीही आणि तुझ्याशीही. ह्यांनासुद्धा मी हे कधी सांगितलेलं नाही.

आता काम सांगते. परवा परत हॉस्पिटलला गेले होते. पहिल्यांदा गेटवर थांबून वॉचमनची माफी मागितली. त्याने "परवायिल्लै, अम्मा", असू दे, म्हणून सोडून दिलं, वर आत जाताना गाडीला सावलीची जागा दाखवली. मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

श्रीवत्सला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, दुसरं अपील करता येईल, ते वरच्या अधिकाऱ्याकडे जातं, पण नात्याचा पुरावा लागेल. "पेशंटचं नाव ए. वादिराज. तुमचं नाव के. कनका. कागदावर काहीच जुळत नाही, अम्मा." माझं डोकं फिरलं. म्हटलं, आमच्याकडे आडनाव कोण लावतं रे? ए म्हणजे अप्पाजी, आमचे वडील. लग्न झालं तशी मुलीची ए गेली आणि नवऱ्याची के आली. के म्हणजे कृष्णस्वामी! (नाव घ्यायला लावलं त्याने, हस हवं तर.) तेवढ्यावरून मी अप्पांची मुलगी उरत नाही का? तो म्हणाला, "माझ्या बहिणीचंही असंच बदललं, मला कळतं. पण त्यांना पेशंटच्या सहीचं पत्र लागतं. ती माझी कोण लागते, एवढंच लिहायचं."

हे पुन्हा म्हणाले, भरून टाक. पैसे भरता येतील रे, कधीच भरता आले असते. पण भरले की कायमचं लिहून राहील की कनका त्या दिवशी औषधाच्या दुकानात आली होती. ते मी मान्य करणार नाही. मी तुझ्यासाठी आले होते. फक्त वर आले नाही.

मुदत एकतीस तारखेपर्यंत आहे. तुला छातीवर जोर देऊन लिहायला नको, म्हणून पत्र मी टाइप करून सोबत ठेवलं आहे, जुन्या सवयीने समास नीट सोडून. 'दिनांक तीन डिसेंबर रोजी माझ्या शस्त्रक्रियेच्या वेळी हॉस्पिटलात हजर असलेल्या के. कनका या माझ्या', आणि त्यापुढे जागा मोकळी ठेवली आहे. ते मी टाइप केलं नाही. मला ते टाइप करायचा हक्क नाही. तुला जे खरं वाटेल ते तिथे भर आणि सही कर. 'कोणी नाही' असं लिहिलंस तरी तो कागद मी तसाच दाखल करीन आणि दंड भरीन. भांडणार नाही.

औषधं वेळेवर घे. जिने चढू नकोस.

पूर्वी घरी पत्रं लिहिताना करायची, तीच सही करते आहे.

ए. कनका