दोन चपट्या पिना

३ एप्रिल
भाच्यानं अमेरिकेतून भांड्यांवर नाव कोरायची मशीन फुकट पाठवली. फुकटचा हिशेब: कस्टमचे अकराशे, यवतमाळच्या दोन चकरा, आणि त्या आनंदात त्याच्या आईनं माझ्या दुकानातून उचललेला कुकर. सत्तावीसशेला पडली.

पोरीचं, अपेक्षाचं, लग्न नऊला. आंदणाची एक्कावन्न भांडी. नाव नसलं की सासरच्या ढिगात मिसळली, पोरीचं काही उरत नाही. म्हणून कोरायची ती माझ्याच दुकानात, माझ्याच हातानं. आजवर गिऱ्हाईक भांडं माझ्याकडून घेई आणि नाव टाकायला समोरच्या वामनरावकडे जाई. बोरी अरब गावच्या बाजारात मी सायकलवर गंज-गडवे विकायचो, तेव्हापासून तो मला 'सायकलवाला' म्हणतो. दारव्ह्यात स्वतःचं दुकान टाकून बावीस वर्षं झाली, त्याची पायरी चढलो नाही. चढणारही नाही. लिहून ठेवतो.

४ एप्रिल
प्लगला दोन चपट्या पिना. आपल्या बोर्डात शिरत नाहीत. पियुषला, म्हणजे भाच्याला, फोन केला. म्हणे मामा, नुसता प्लग नोका बदलू, मशीन एकशे वीस व्होल्टची, तिकडं दोनशे तीस, जळून जाईन, आधी कन्व्हर्टर घ्या.
इंजिनिअर झाला, पण घाबरट. दोनशे तीस दारव्ह्यात कोणी पाहिली? बाजाराच्या वेळी माझ्या पंख्याची पाती मोजता येतात. कन्व्हर्टर लाईटवाल्यांनीच बसवून दिलाय.
त्यांना कमी व्होल्टेजचा तिसरा अर्जही आजच दिला. भाषा अशी कडक की साहेबाचा चहा गार व्हावा.

५ एप्रिल
बायकोच्या कात्रीनं प्लग कापला. ती म्हणे, कात्री तर गेलीच, आता मशीनही घालवा. दुर्लक्ष. आत दोन्ही वायर काळ्या. अमेरिकेत रंगाची कंजुषी. आपला गोल पिनांचा प्लग बसवला. एक स्क्रू खाली पडला, सापडला नाही. टेप मारली.
सायं. ७. पंखा मेल्यासारखा. उत्तम. गडव्यावर 'अ' कोरला. आवाज गोड, भुंग्यासारखा. आवाजात मला कोणी फसवू शकत नाही. वामनरावची मशीन रस्त्यापलीकडून ऐकून सांगतो, 'स' कोरतोय की 'म'.
पियुषला फोटो पाठवला. खाली लिहिलं, शिक.

६ एप्रिल
अर्जाचा दणका! दुपारी लाईटवाले आले, ट्रान्सफॉर्मरची नवी डीपी बसवून गेले. पंखा असा फिरला की बिलं रस्त्यावर. सगळी गल्ली माझ्यामुळे उजळली. वामनरावचं दुकानसुद्धा, त्याला इलाज नाही.
सायं. ७. मशीन मुद्दाम दारात मांडली. चालू केली. काय आवाज! कालच्या दुप्पट, जणू पिठाची गिरणी. वामनराव धावत बाहेर आला. दोन्ही हात हलवून काही ओरडत होता. ऐकू आलं नाही. जळला असणार.
थोडा वासही आला.

७ एप्रिल
मशीन बंद. आतून काळी. चूक कोणाची: १) पियुष, नीट ठासून सांगायला काय झालं होतं? २) लाईटवाले, बावीस वर्षं झोपले आणि नेमके काल जागे झाले. ३) अमेरिका.
यवतमाळच्या कोरणाऱ्याला फोन केला. म्हणे लगीनसराई हाय भाऊ, आठ दिवस लागतीन. अपेक्षा म्हणे, बाबा, मार्करनं लिहा ना. पोरगी हसत होती, पण डोळे पुसत होती. बायकोनं ती कात्री माझ्यापुढं आणून ठेवली.

८ एप्रिल
एक्कावन्न भांडी झाली. वामनराव म्हणे, या सायकलवाले, तुमच्या अर्जापायी लाईट फुल आली, पाहा मशीन कशी पळून राह्यली. परवा मी बंद करा, बंद करा म्हणून बोंबलत होतो म्हणे, तुमचे कान कुठं गेलते? माझा 'अ' पाहून म्हणे, हे कायनं कोरलं बाप्पा, कोंबडीनं? पैसे घेतले नाहीत. पोरीचं लग्न हाय म्हणे. हलकट माणूस.
त्याच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. मधली हलते.