आबांची झोप आणि गावाने आणलेली लाकडं

आदरणीय रुखमा आत्याबाईंस,

नूतनचा सविनय जय भीम. आम्ही सगळे ठीक आहोत (आबाही, आधी पूर्ण वाचा, मग घाबरा). तुमचे गुडघे आणि मामाजींची शुगर कशी आहे? फोनवर बोलावं तर आबांना भिंतीपलीकडून ऐकू जातं, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे.

नर्सिंग कॉलेजात मॅडमनी शिकवलं की म्हातारपणी सात-आठ तासांची झोप बरी. फार कमी झोपणारे आणि नऊ तासांच्या वर झोपणारे, दोघेही लवकर जातात असं पाहणीत दिसतं. (झोपेनेच जातात असं नाही, आजारी माणूस जास्त झोपतो असंही असेल, हेही त्या म्हणाल्या, पण सावली गावच्या बसमध्ये बसेपर्यंत माझ्या डोक्यात फक्त 'जातात' उरलं होतं.) दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर आबा जेवून झोपलेले, चहा घेऊन परत झोपलेले. आजी गेल्यापासून असंच आहे, आई म्हणाली. मी त्यांना उठवू लागले. कधी चहाचं निमित्त, कधी मुद्दाम ताट पाडून. "काऊन व पोरी, झोपून मी कोनाचं काई चोरून राह्यलो का?" असं विचारून ते कूस बदलत.

मंगळवारी दुपारी हलवलं तर उठलेच नाहीत. नाडी सापडेना (परीक्षेतही मला सापडली नव्हती). मी ओरडले. आपल्या गावात मयत झाली की घरटी एक लाकूड येतं, ते आबा उठायच्या आत आलं. लच्छूभाऊंनी तर राखून ठेवलेलं धावड्याचं लाकूड आणलं. विहाराच्या समितीचे लोक मयताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कोणत्या रविवारी ठेवायचा ते ठरवू लागले. त्या गलक्यात आबा उठून बसले. "कोन गेलं?" शेजारच्या सोमारीबाई म्हणाल्या, "तुमीच गेले होते, बाप्पा. आता आले तं च्या घ्या."

सगळे हसले, आबाही. पण लाकूड कोणी परत नेईना. "मयतीच्या लाकडावर घरी काय भाकरी भाजू?" लच्छूभाऊ म्हणाले. "राहू द्या इथीच. लागनच."

तेव्हापासून ढीग अंगणात आहे आणि आबा झोपत नाहीत. खाटेवर बसून ढिगाकडे पाहतात. मागच्या गल्लीतल्या उर्वशीच्या घरचं लाकूड ओलं आहे, धूर करेल, म्हणतात. गाव लय चांगलं हाये, म्हणतात. जेवण सुटलं आहे, गाल आत गेले आहेत. मी त्यांच्या झोपेचे नऊ तासांचे सात करायला निघाले होते, आता तीनही होत नाहीत. आणि कमी झोपेचं मॅडम काय म्हणाल्या ते वर लिहिलंच आहे. तरी मामाजींना सांगून ट्रॅक्टर पाठवा आणि ही लाकडं कुठेही न्या.

तुमची,
नूतन

ता. क. ट्रॅक्टर राहू द्या. आबा म्हणतात, लोकांनी मनापासून आणलेलं परत नेत नाहीत.

ता. क. वरचं सगळं काल लिहिलं; आज पाहिलं तर आबा आत जाऊन झोपले आहेत. सकाळपासून झोपलेलेच आहेत. आई धान कापायला गेली आहे. उठवलं तर एवढ्या दिवसांनी लागलेली झोप मोडेल. ओरडायची सोय राहिली नाही, सोमारीबाईंनी बजावलं आहे, "आता पक्कं झाल्यावरच ओरडजो, पोरी." म्हणून एवढंच करा, आत्याबाई. आबांच्या फोनवर फोन लावा, माझ्या नको. तो त्यांच्या उशाशी आहे, उचलतात का पाहू. मी अंगणात उभी आहे.