हॅकबेरीच्या कोठडीची किल्ली

हॅकबेरी, कॅन्सस
८ फेब्रुवारी १९५४

चि. लोवेल यास व्हर्नाताईचे अ. आ.

तुझं पत्र आणि बाबांसाठी पाठवलेला मफलर, दोन्ही पोचलं. बाबांनी मफलर बोटांनी चाचपला आणि म्हणाले, कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला लोकरीतलं काय कळतंय. पण तेव्हापासून तो गळ्यातून निघालेला नाही.

काल रेडिओवर तुझा ‘ड्राय फोर्कचा मार्शल’ ऐकला. डोळे गेल्यापासून बाबांचा आठवडा रविवारी पाचला सुरू होतो आणि साडेपाचला संपतो. तुझं नाव घेतलं की मान ताठ होते, मग तक्रारी. लेखक महाशयांनी लिहून घ्याव्यात. तुझे घोडे फार दौडतात, खरे घोडे बहुतेक वेळ नुसते उभे असतात. गोळी लागलेला माणूस एवढं लांबलचक बोलत नाही. मार्शल एकटा जमावापुढे उभा राहतो आणि जमाव माना खाली घालून घरी जातो, तिथे मात्र ते काहीच बोलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, ऐकू दे.

कॅथरिना वायगल नेहमीसारखी राय धान्याचा काळा पाव घेऊन आली होती. नव्या पाद्रीसाहेबांच्या बायकोला तिने सगळी हकिगत पुन्हा सांगितली. चौऱ्याण्णव साली दुकानदाराच्या खुनाचा आळ तिच्या बापावर, याकोबवर आला. जमावाने त्याला कोठडीतून ओढून पुलाला लटकवलं, आणि दोन महिन्यांनी खरा खुनी नेब्रास्कात सापडला. ती तेव्हा चार वर्षांची. आपले बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे, शेरीफच्या हाताखालचे डेप्युटी, किल्ली देईनात म्हणून लोकांनी त्यांचं डोकं फोडलं. माझ्या बापासाठी ज्यांनी रक्त सांडलं त्यांना तीस वर्षं पाव देतेय, त्यात काय मोठंसं, असं ती म्हणाली. बाबा उठून परसात गेले. स्वतःची स्तुती त्यांना कधीच सोसत नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहेच, तो पत्रांतूनही दिसू दे.
तुझी,
व्हर्ना


हॉलीवूड
२१ फेब्रुवारी १९५४

ती. व्हर्नाताईस सा. न. वि. वि.

बाबांच्या तक्रारी मी स्टुडिओतल्या सगळ्यांना वाचून दाखवल्या. टाळ्या आणि नारळाच्या करवंट्या वाजवून घोडे दौडवणारा आमचा माणूस फार दुखावला. म्हणाला, उभा घोडा ऐकवायचा कसा ते तुझ्या बाबांनाच विचार.

हसण्यासारखं एवढंच. कार्यक्रम बंद होणार असं ऐकतोय. जाहिरातदार टेलिव्हिजनकडे चाललेत. साहेबांनी बोलावून सांगितलं, असं काहीतरी लिही की लोक स्वयंपाक सोडून रेडिओपाशी येतील. दोन आठवडे कागदापुढे बसलो, काही सुचेना. मग अकरा वर्षं मनात दडपलेली एक गोष्ट चार दिवसांत उतरवली. नावं, गाव, साल, सगळं बदललंय. या खेपेला मार्शल उशिरा पोचतो. आजवर लिहिलेल्यांत हेच खरं लिखाण आहे.

१४ मार्चला लागेल. पण ताई, त्या रविवारी बाबांना कुठे फिरवून आणायचं असेल तर आण. एखादा भाग चुकला म्हणून काही बिघडत नाही.

बाबांना शि. सा. न. तुझी माया अशीच राहू दे.
तुझा,
लोवेल


हॅकबेरी
१६ मार्च १९५४

चि. लोवेल यास अ. आ.

मला वाटलं, तू उगीच विनय दाखवतोयस. म्हणून मी कॅथरिनाला मुद्दाम लवकर बोलावलं, दालचिनीचा केक केला, बाबांची खुर्ची रेडिओला खेटून ठेवली. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं.

तुझा तो डेप्युटी बोलायला लागला आणि बाबांनी हातातली बशी खाली ठेवली. बाहेर जमाव, आत परदेशी कैदी, त्याला इंग्रजी येत नाही. मी वाट पाहत होते की आता डेप्युटी बंदूक उचलेल. त्याने किल्ली काढली आणि स्वतः कुलूप उघडलं. मग जमावातल्या एकाला म्हणाला, आता माझ्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घाल, म्हणजे उद्या मला गावात तोंड दाखवता येईल. लोवेल, हे वाक्य नटाने उच्चारायच्या आधी बाबांच्या तोंडून आलं. शब्द न् शब्द.

कॅथरिनाने रेडिओ बंद केला. तिने विचारलं, हे असंच झालं होतं का. बाबा म्हणाले, हो. तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग विचारलं, रेडिओवरचा कैदी शिव्याशाप देत होता, माझे वडीलही देत होते का. बाबा म्हणाले, नाही, तेवढं लोवेलने पदरचं घातलंय. मी कुलूप उघडलं तेव्हा तो माझा हात धरून हळूच दोन शब्द बोलला. त्याची भाषा मला येत नव्हती, पण साठ वर्षांत ते दोन शब्द विसरता आले नाहीत. आणि त्यांनी ते उच्चारले. फरगेल्ट्स गॉट.

कॅथरिनाने तोंडावर हात दाबून धरला. बाबा विचारत राहिले, शाप होता का, सांग ना पोरी, शापच होता ना. तिने कोट घातला आणि गेली.

काल टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामावर गेले. सकाळपासून फळ्यावर दिवे लागत होते. नावं बदललेली असूनही गावाने गोष्ट ओळखली होती, सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, आणि एकेकाची तार जोडून देणारी मी. याकोब वायगलबद्दल कुणालाच हळहळ वाटत नव्हती. ज्यांच्या बापांनी तो दोर ओढला ते चिडलेत, म्हाताऱ्याने या वयात तोंड का उघडलं म्हणून.

तुला हे ठाऊक होतं. मला नव्हतं. एवढंच कळव की कधीपासून.
व्हर्ना


हॉलीवूड
२२ मार्च १९५४

ती. ताईस सा. न. वि. वि.

त्रेचाळीस सालापासून. मी युद्धावर निघालो त्या दिवशी स्टेशनच्या बाकावर बाबांनी सांगितलं. मी परत येणार नाही असं त्यांनी धरलं होतं. मरायला निघालेल्या माणसाजवळ ठेवलेली गोष्ट ती, आणि मी जिवंत परत आलो. त्यानंतर आम्ही दोघं एका खोलीत फार वेळ बसू शकलो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

मी स्वतःला समजावलं की खरं सांगणं वाईट नाही. हे खोटं होतं. नोकरी जाऊ नये म्हणून मी बाबांना विकलं. कॅथरिना दर रविवारी तिथे असते हेही मला माहीत होतं. बाबांना बाहेर ने असं लिहिलं, ते तुमच्यासाठी नव्हतं, मला रात्री झोप यावी म्हणून होतं.

भाग फार गाजला. पत्रांचा ढीग आलाय. परवा कार्यक्रम बंद झाल्याचं कळलं.

येऊ का? तू म्हणशील तसं करीन. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.
लोवेल


हॅकबेरी
११ एप्रिल १९५४

चि. लोवेल यास,

रागवायलाही आता जोर राहिलेला नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते.

बाबा दिवसातून दहादा त्या दोन शब्दांचा अर्थ विचारायचे. जेवण सुटलं. शेवटी मी कॅथरिनाकडे गेले. ती सामान बांधत होती, मुलाकडे डेन्व्हरला कायमची चालली होती. तिने मला बसवलं, कॉफीही दिली. म्हणाली, तो शाप नव्हता. आमच्यात कुणी उपकार केले की तसं म्हणतात, देव तुम्हाला याची फेड देवो. माझ्या वडिलांना वाटलं, हा भला माणूस मला सोडवतोय. त्यांनी आभार मानले. मी म्हटलं, हे बाबांना कसं सांगू. ती म्हणाली, सांगू नका असं म्हणण्याइतकी दया माझ्यात उरलेली नाही, आणि सांगा म्हणण्याइतका दुष्टपणाही नाही. मग तिने मला दारापर्यंत पोचवलं.

मी सांगितलं, लोवेल. या घरात आणखी एक खोटं मला सांभाळवेना. त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, माझा काळा कोट काढ, शेरीफकडे ने.

शेरीफ तिशीतला पोरगा आहे. त्याने बाबांना हात धरून बसवलं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाबा म्हणाले, मी कायद्याचा माणूस होतो आणि माझ्या ताब्यातला माणूस मी मारायला दिला, आता मला आत टाक. तो पोरगा म्हणाला, आजोबा, तक्रार करणार कोण? त्यातले सगळे आता कबरस्तानात आहेत. तुम्हाला आत टाकून मी काय करू, जिने उतरवायलाच दोन माणसं लागतील. तो चांगल्या मनाने हसला. निघताना मला हळूच विचारलं, तुमचा भाऊ मार्शलचं काम करणाऱ्या नटाची सही मिळवून देईल का.

बाबांनी हे ऐकलं.

पाद्रीसाहेब येऊन म्हणाले, देवाने केव्हाच क्षमा केली असेल. बाबा म्हणाले, देवाला कुणी विचारलंय, मी याकोबबद्दल बोलतोय. पाद्रीसाहेब पुन्हा आले नाहीत. कॅथरिनाला मी डेन्व्हरच्या पत्त्यावर लिहिलं होतं, ते पाकीट न उघडता परत आलं.

तू येऊ का म्हणतोस. ये किंवा येऊ नकोस. बाबा तुझ्यावर रागावलेले नाहीत, तेवढं तुला समजलं पाहिजे. ते म्हणाले, पोराने खरं तेच लिहिलं, फक्त अर्ध्या तासात संपवलं.

आता रोज सकाळी ते मला दाढी करून द्यायला सांगतात. काळा कोट घालतात, हॅट मांडीवर घेतात आणि आठ वाजल्यापासून दाराशी खुर्चीत बसतात. रस्त्यावरून गाडी गेली की उठून उभे राहतात. काल मी विचारलं, कुणाची वाट पाहताय. म्हणाले, न्यायला कुणीतरी येईलच की. गाडी पुढे जाते, ते खाली बसतात. अंधार पडला की मी कोट उतरवते.

शुक्रवारी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बाबांची पाठ थोपटली आणि मला आनंदाने सांगितलं की हृदय अगदी दणकट आहे, अजून दहा वर्षं सहज काढतील.

लोभ ठेव, म्हणायचं असतं म्हणून लिहिते.
व्हर्ना