काटेरी गुच्छ

प्रिय ओर्शी,

हे पत्र पेटीत पडणार नाही. माझे शौर्य तेवढे लांब चालत नाही.

पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून उतरणाऱ्याच्या पार्श्वभागाची आमच्या सेगेदच्या क्लबात काटेरी गुच्छाने पूजा होते. विल्मोशसाठी तो गुच्छ तूच बांधून आणलास, आई असून! पाहुणे जमले, पालिंका दारू ओतून झाली, आणि वारा फिरला.

"मामा, वारा आडवा आहे. उद्या जाऊ?"

शिक्षक मीच. म्हणालो, "काट्यांना घाबरलास होय रे, राजकुमारा?"

सगळे हसले. तूही.

तो गेला, आणि उतरताना धावपट्टीच्या कडेला कोसळला.

चौकशीत मी सांगितले, विमानापाशी मी त्याला खूप अडवले, पण पोराने हट्ट धरला. काल थडग्यावर तोच गुच्छ ठेवून तू म्हणालीस, "दादा, तू किती रे अडवलंस त्याला!"

मी होकारार्थी मान डोलावली.

तुझा,
वेन्देल