जागा सोडायची नाही

बाबा, काल तुमच्या बास्केटबॉल टीमच्या जुन्या घरात, त्या स्टेडियममध्ये जाऊन आले. घर कसलं म्हणा, छप्पर तेवढं जुनं. कधीकाळी जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं ते मोठं उतरतं छप्पर त्यांनी तसंच तोलून धरलं आणि खालची जमीन खणून अख्खं नवं अरीना उभं केलं. तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट, म्हणून सांगते. काम चालू होतं तेव्हा मी एकदा गाडीतून बघितलं होतं. खाली नुसता खड्डा आणि वर छप्पर अधांतरी. मला वाटलं, त्याच्याखाली तुम्ही कुठेतरी उभे असाल, तुमचं ते हिरवं स्वेटर घालून, आणि म्हणत असाल, "हलू नका रे कोणी."

आठवतं ना, मी लहान असताना बॉथेलच्या आपल्या घरी, हॉलमधल्या टीव्हीवर मॅच लागली होती. क्रिकेटची रीत तुम्ही नागपूरहून इथे जशीच्या तशी आणलेली: आपली बाजू नीट खेळत असताना जो जिथे बसलाय त्यानं तिथेच बसायचं, नाहीतर विकेट पडते. बास्केटबॉलमध्ये विकेट कुठली आली, पण तुम्हाला सांगणार कोण! आई धुतलेले कपडे घेऊन जिना उतरत होती आणि नेमकी तेव्हाच आपली टीम मागून येऊन बरोबरीला आली. तुम्ही ओरडलात, "तिथेच बस! जागा सोडायची नाही!" बिचारी कपड्यांचा ढीग मांडीवर घेऊन अख्खा क्वार्टर, म्हणजे मॅचचा चौथा हिस्सा, जिन्यात बसली. "मेली तुमची ती टीम," म्हणाली, पण उठली नाही. मी सतरंजीवर, पायाला मुंग्या आलेल्या, तरी हलले नाही. आपण जिंकलो, आणि जिन्याची ती पायरी कायमची आईची झाली.

मग मालक बदलले आणि एक दिवस टीमच चंबूगबाळं आवरून दुसऱ्या राज्यात निघून गेली. तुम्ही टीव्हीकडे पाठ फिरवलीत. "येतील परत. आपण हलायचं नाही," एवढंच म्हणायचात. अगदी शेवटी, हॉस्पिटलमध्येसुद्धा, आईचा हात धरून म्हणालात, "जागा सोडू नकोस." खरं सांगू? या एका वाक्यासाठी मला तुमचा फार राग यायचा. आईनं सत्तरी ओलांडली, गुडघे कामातून गेले, गेल्या हिवाळ्यात त्याच जिन्यात पडली, तरी घर सोडायला तयार नाही. सनीव्हेलला माझ्याकडे तिच्यासाठी खोली मांडून ठेवली आहे. विचारलं की म्हणते, "नको गं, बरं आहे इथे." मला वाटायचं, तुमचा शब्द पाळतेय. या खेपेला मी ठरवूनच आले होते, घर विकायचं आणि हिला घेऊनच परतायचं.

"आधी मॅचला चल, मग बोलू," ती म्हणाली. कोणाची मॅच? "आमच्या पोरींची." पुरुषांची टीम गेली, पण बायकांची टीम इथेच राहिली, हे आपल्या घरात कधी कोणी बोललंच नाही. तुम्ही तर नाहीच नाही. आणि ही बाई शेजारच्या दोन काकूंना घेऊन दर उन्हाळ्यात मॅचला जाते! अरीनाच्या दारावरचा माणूस तिला ओळखतो. मी विचारलं, "म्हणजे तू बाबांच्या शब्दासाठी राहिली नाहीस?"

"तुझ्या बाबांची टीम गेली," ती म्हणाली. "माझी आहे ना इथे. एवढं सगळं खणून काढलं, तेव्हा पोरी दुसरीकडे खेळल्या, आम्ही तिथेही गेलो. मग आल्या परत. मी कशाला जाऊ?"

शेवटचा क्वार्टर, बरोबरी चाललेली. खूप खाली ते उजळलेलं मैदान, आवाज पाण्याखालून आल्यासारखा, आणि वर तुमचं छप्पर. माझा फोन वाजला. घर विकून देणारी एजंट. मी उठले, तर आईनं कुर्ता धरून खेचलं. "बस खाली! जागा सोडायची नाही!" बाबा, आवाज तिचा होता, पण हुकूम तुमचाच. मी बसले. पोरी हरल्या. गाडीत बसताना आई मला म्हणते, "तू उठलीस ना, म्हणून."

सकाळी एजंटला नाही म्हणून कळवलं. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावायला माणूस येतोय, तो येईपर्यंत आईच्या पायरीवर बसून हे लिहितेय. स्वयंपाकघरातून ती विचारते, "काय चाललंय गं?" मी म्हणते, "काही नाही." लिहून झालं की कागदाची घडी करून पर्समध्ये टाकेन, दुसरं काय करणार?

एक मात्र तुम्हाला कधी कळू दिलं नाही. मला त्या खेळातलं अजूनही ओ की ठो कळत नाही. तेव्हा मी नुसती बसायचे, मॅच संपल्यावर तुम्ही डोक्यावर टपली मारून "शाबास" म्हणायचात म्हणून. आईलाही हे सांगणार नाही. तिच्या शेजारच्या सीटचं तिकीट काढलंय मी, पुढच्या मॅचचं.